फिल्टर बदलूनही बोटीचं इंजिन पुन्हा धारेतच बंद पडतं, तेव्हा काय तपासायचं

"भाऊ, इंजन चालू व्हस, पन मझार गयं का बंद पडी जास." म्हणजे इंजिन चालू होतं, पण धारेत गेलं की बंद पडतं. तापीकाठी, सारंगखेडा-प्रकाशाच्या पट्ट्यात आउटबोर्ड (नावेच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनाची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. काठावर दोरी ओढली की इंजिन चालू होतं, आयडलला (रेस न देता) छान फिरतं. नाव काठ सोडते, रेस वाढते आणि पाच-दहा मिनिटांत मिस मारायला लागतं. दोनदा गुदमरतं आणि बंद. थोडं थांबून ओढलं की परत चालू, रेस दिली की परत तेच. फिटरकडे नेलं की तो पेट्रोल फिल्टर बदलून देतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि दुखणं पुन्हा हजर.

हे सगळं त्या 'पुन्हा'साठी लिहितोय. फिल्टर बदलणं हे अर्ध्या तासाचंही काम नाही, ते पुढे सांगतोच. पण नवा फिल्टर महिन्याभरात भरत असेल तर तो त्याचं काम चोख करतोय. कचरा किंवा पाणी त्याच्या मागून कुठून तरी येतंय, आणि ते ठिकाण सापडेपर्यंत तुम्ही फिल्टरच विकत घेत राहणार. जुना फिल्टर न बघता फेकून देणं हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे, कारण दुखणं कुठलं हे त्याच्या आत लिहिलेलं असतं.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं तेही सांगतो. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खाली तापीचं रूप काही तासांत बदलतं. सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजच्या (दरवाजांच्या बंधाऱ्याच्या) वरच्या अंगाला बंद पडलेली नाव दरवाजांच्या दिशेने सरकत जाते आणि वल्ह्याने ती रोखणं दोघांच्याही आवाक्यातलं राहत नाही. तिकडे सातपुड्यापलीकडे, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदेच्या काठावर जे पाडे आहेत, तिथे सरदार सरोवराच्या फुगवट्यातून दवाखान्यात जायला बोट हाच रस्ता. बाळंतीण बोटीत आहे आणि इंजिन मिस मारतंय, ही वेळ कुणावर येऊ नये. वेळीच साफ केलेली एक टाकी ती टाळू शकते.

आधी दोन मिनिटांत तपासून घ्यायच्या गोष्टी

फिल्टरला हात लावण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. सुट्या टाकीच्या झाकणावर छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत तो बंद ठेवायचा आणि इंजिन चालवताना उघडायचा. तो बंद राहिला की पेट्रोल ओढलं जाईल तसा टाकीत हवेचा ताण तयार होतो, पेट्रोल येईनासं होतं आणि इंजिन बंद पडतं. थोडा वेळ गेला की हवा कुठून तरी शिरते, ताण सुटतो, इंजिन परत चालू. लक्षण हुबेहूब भरलेल्या फिल्टरसारखं. झाकण सैल करताना 'फुस्स' आवाज होऊन हवा आत गेली तर दोष तिथेच आहे.

दुसरं, इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार. ती थांबली असेल तर इंजिन गरम होतंय आणि स्वतःला वाचवण्यासाठी रेस पाडतंय. तापीला पूर आला की काळ्या मातीचा गाळ आणि जलपर्णीची मुळं खालच्या जाळीत अडकतात. तो पाण्याच्या वाटेचा दोष झाला, पेट्रोलचा नव्हे. बंद पडण्याची तऱ्हाही बघा. झटकन, दिवा विझावा तसं बंद पडलं तर बहुतेक वेळा करंटचा दोष असतो: प्लग, वायर किंवा मनगटाला बांधायच्या सुरक्षा-दोरीची क्लिप. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन मात्र आधी गुदमरतं, आवाज खोल जातो, कधी क्षणभर उसळी घेतं आणि मग बंद पडतं.

बल्ब दाबून बघा

टाकी आणि इंजिन यांच्या मधल्या पाइपावर रबरी बल्ब असतो. चालू करण्याआधी आपण तो दाबून पेट्रोल वर चढवतो. दोष शोधायला याच्यासारखं साधन नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. एवढंच करा: इंजिन ज्या क्षणी गुदमरायला लागेल, त्याच क्षणी जोडीदाराला बल्ब हातात धरायला सांगा. काठावर येऊन केलेल्या तपासणीत हे कळत नाही, कारण तोवर सगळं शांत झालेलं असतं.

बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा बल्बच्या मागे म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. झाकणाची हवा, टाकीत उतरणाऱ्या नळीच्या तळाची जाळी किंवा टाकी ते बल्ब हा पाइपाचा तुकडा. अशा वेळी इंजिनावरचा फिल्टर बदलून काहीच होणार नाही. कित्येकांचे फिल्टर इथे फुकट जातात.

बल्ब टणक भरलेला आहे आणि तरी इंजिन मरतंय, तर पेट्रोल बल्बपर्यंत व्यवस्थित येतंय, अडथळा पुढे आहे. टॉपखालचा (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचा) फिल्टर, इंजिनातला पेट्रोल ओढणारा पंप किंवा कार्ब्युरेटर. आता फिल्टर उघडायला अर्थ आहे.

बल्ब मऊच राहतो, कितीही दाबला तरी टणक होत नाही, तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा बल्बमधली झडप गेली आहे. दाबताना बल्ब उभा धरा, त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे आणि वरच्या दिशेला. आडवा धरून दाबला तर चांगला बल्बसुद्धा नीट भरत नाही. आणि इंजिन मरत असताना बल्ब दाबत राहिलं की ते सावरत असेल, तर पेट्रोल पुरत नाही हे पक्कं झालं. पंपातला पातळ पडदा फाटला असला तरीही असंच होतं.

आपल्याकडे या तपासात हटकून सापडणारी गोष्ट म्हणजे पाइप इंजिनाला जोडायची खटक्याची जोडणी. पाइप नावेच्या तळात लोळत असतो आणि तापीची बारीक वाळू त्या जोडणीत जाऊन बसते. आतली ओरिंग घासली जाते. पेट्रोल बाहेर गळत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण रेस दिली की तिथून हवा आत ओढली जाते. जोडण्याआधी कापडाने पुसा, ओरिंगवर बोट फिरवून चीर आहे का बघा. ओरिंग दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

फिल्टर बदलताना

काम काठावर, उघड्यावर, वारा असेल अशा जागी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नावेच्या तळात साचून राहते आणि वास कमी झाला म्हणजे वाफ गेली असं होत नाही. विडी-सिगारेट लांब, मोबाइलवर बोलणंही लांब. बॅटरी असेल तर आधी तिची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन गरम असेल तर थंड होऊ द्या. जवळ कोरड्या पावडरचं अग्निशामक असावं. नसेल तर निदान कोरड्या वाळूची बादली. वाळूला आपल्याकडे तोटा नाही.

पाइप इंजिनापासून सोडवा. वरचा टॉप काढला की बाजूला फिल्टर दिसतो. छोट्या इंजिनांत दोन प्रकार भेटतात. एक, पाइपाच्या मध्ये बसवलेला बंद फिल्टर, दोन्हीकडे क्लिपा. दुसरा, पारदर्शक कप आणि आत जाळी. काही चार-स्ट्रोक इंजिनांच्या कपात लाल रंगाची कडी असते. कपात पाणी साचलं की ती पाण्यावर तरंगून वर येते. कडी तळाला असेल तर पाणी नाही. कडी उचललेली दिसली की फिल्टर बाजूला ठेवा आणि सरळ टाकीकडे वळा.

कप उघडण्याआधी खाली चिंधी धरा आणि कप हळूच, सरळ खाली घ्या. आतलं सांडू देऊ नका. तेच सगळं स्वच्छ काचेच्या बाटलीत ओता, लोणच्याची धुतलेली बरणी चालेल. मात्र ती आतून पूर्ण कोरडी हवी, नाहीतर तुमच्याच बरणीचं पाणी तुम्ही पेट्रोलमध्ये शोधाल. बरणी पाच मिनिटं उन्हाकडे धरून ठेवा. पेट्रोल वर, पाणी खाली. पाणी थोडं असेल तर तळाला मोत्यासारखे गोल थेंब लोळतात, बरणी तिरकी केली की एकत्र येतात. पिवळसर-करडा ढगाळ थर दिसला तर प्रकरण वेगळं, त्याचं पुढे सांगतो.

मग जाळी पांढऱ्या कागदावर उलटी आपटा. तांबूस बारीक चूर पडला तर तो गंज: लोखंडी टाकी किंवा पेट्रोल आणायचा पत्र्याचा डबा. काळे, मऊ, बोटाने दाबल्यावर पसरणारे कण पडले तर पाइपाचं रबर आतून सुटतंय. मातकट रेती आली तर भरताना नरसाळ्यातून गेलेली धूळ. चिकट, डिंकासारखा तपकिरी लेप असेल तर महिनोन् महिने पडून राहिलेलं शिळं पेट्रोल. हा कागद पेट्रोलपासून लांब नेऊन मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी फिल्टर उघडाल तेव्हा दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कचरा तोच आहे का बदलला, हे लगेच कळतं.

बंद फिल्टर बदलायचा असेल तर पाइप आधी चिमट्याने दाबून धरा. पक्कड लावू नका, रबराला आतून चीर जाते. नव्या फिल्टरवरचा बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेने म्हणजे पंपाकडे ठेवा. जुन्या क्लिपा सैल पडल्या असतील तर नव्या घ्या. तार गुंडाळू नका, तार पाइपाला एका ठिकाणी कापते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल सोडते. कपाचा फिल्टर असेल तर ओरिंग नवी घ्या, तिला पेट्रोल किंवा इंजिन ऑइलचं बोट लावा आणि कप हातानेच आवळा. पान्याने आवळलेला प्लॅस्टिकचा कप एप्रिल-मेच्या उन्हात तडकतो.

पाइप जोडा आणि बल्ब टणक होईपर्यंत दाबा. मग लगेच चालू करायची घाई नको. एक-दोन मिनिटं थांबून प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा. कुठेही ओल लागली तर परत खोला. सगळं कोरडं असेल तर पंखा पाण्यात ठेवूनच इंजिन चालू करा. पाण्याबाहेर चालवलं तर थंडाव्याच्या पंपाचं रबर काही क्षणांत जळतं.

एक जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो, त्याच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इंजिनाचा फिल्टर मिळाला नाही की मोटारसायकलचा छोटा फिल्टर बसवतात. मोटारसायकल तासाला एक-दीड लिटर पेट्रोल पिते. ४० हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण रेसला तासाला पंधरा लिटरच्या आसपास ओढतं. तेवढं पेट्रोल त्या बोटभर फिल्टरमधून जाणारच कसं? आयडलला इंजिन छान चालतं, कारण आयडलला गरज थोडी असते. धारेत पोचून रेस दिली की घसा कोरडा पडतो. मग लोक म्हणतात नवा फिल्टर घालूनही फरक नाही. अडचणीत काठावर परत येण्यापुरता हा जुगाड ठीक, मुक्कामाला नको. तसाच प्रकार पारदर्शक लेव्हल पाइपाचा. गवंड्याचा तो पाइप पेट्रोलने कडक होतो, जोडाजवळ तडकतो आणि हवा ओढायला लागतो. पेट्रोलचाच पाइप घ्या.

कचरा येतो कुठून

आता मूळ दुखण्याकडे. माझ्या मते खानदेशात या तक्रारीचं पहिलं कारण पेट्रोल आणण्याची आणि ठेवण्याची पद्धत हे आहे. पेट्रोल पंप शहाद्याला, तळोद्याला, धडगावला, आणि नाव काठावर. पेट्रोल डब्यात भरून मोटारसायकलवर येतं, रस्ता धुळीचा. डब्याचं बूच हरवलेलं, तिथे कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा बोळा. पावसाळ्यात त्याच बोळ्यातून पाणी आत. मग ते पेट्रोल डोलत्या नावेतच टाकीत ओततात, नरसाळ्याला जाळी नाही. यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते. बूच बसणारा, आतून न गंजलेला धातूचा डबा, जाळीचं नरसाळं, आणि टाकी नावेतून काढून काठावर जमिनीवर ठेवून भरणं. टाकी जमिनीवर ठेवून भरण्यात आगीचा धोकाही कमी होतो, कारण सांडलेली वाफ नावेच्या तळात जमत नाही.

दुसरं कारण दिसत नाही: टाकीच्या आत हवेतून पडणारं पाणी. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला रात्री चांगल्याच गार पडतात आणि दुपारी ऊन कडक असतं. अर्धी रिकामी टाकी काठावर ठेवली की रात्री गार होताना तिच्यात दमट हवा शिरते आणि त्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतीवर थेंब होऊन खाली उतरते. एका रात्रीत चमचाभरही नसेल. पण दोन-तीन महिने असंच चाललं तर कपातली लाल कडी उचलायला ते पुरतं. टाकी ठेवायची असेल तर एक तर पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा, नाहीतर भरून ठेवा. भरतानाही वर थोडी जागा सोडा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं.

तिसरी गोष्ट इथेनॉल. भारतात २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इंजिन जुनं असेल तर पुस्तिका काढून बघा. इथेनॉल पाण्याशी लगेच मिसळतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं, कपात दिसतच नाही आणि जाळीत अडकतही नाही. पाण्याने एक मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र पेट्रोलमधून सुटतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात. तोच तो ढगाळ, पिवळसर थर. आणि टाकीतली नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. दोन-स्ट्रोक इंजिनाला यात जास्त धोका आहे, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल या थरात राहत नाही, आणि ऑइलशिवाय पिस्टन घासून जाम होतो. हा थर एकदा सुटला की ते पेट्रोल ढवळून, गाळून, वर ताजं पेट्रोल ओतून दुरुस्त होत नाही. वरचा स्वच्छ दिसणारा भागही वापरू नका, त्यातलं इथेनॉल निघून गेल्याने त्याचा दर्जा पडलेला असतो. सगळं काढा. आणि कृपा करून नदीत ओतू नका, तिथे खाली कुणाचं तरी जाळं आहे आणि गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आहे.

इथेनॉलची आणखी एक खोड आहे. जुन्या टाकीच्या आणि पाइपाच्या आत वर्षानुवर्षं बसलेला डिंकासारखा लेप ते सोडवतं. त्यामुळे साध्या पेट्रोलवर चालणारं जुनं इंजिन जास्त इथेनॉलच्या पेट्रोलवर आलं की पहिले काही फिल्टर भराभर भरतात. ही एकच परिस्थिती अशी आहे की जिथे फिल्टर बदलत राहणं बरोबर आहे, पण तेही टाकी आतून धुतल्यानंतर.

आपल्या डब्यातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी अंदाजाने बघता येतं. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल घ्या, त्यात १० मिली पाणी घाला, हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर दहाच्या जागी तीसच्या आसपास आला तर इथेनॉल २० टक्क्यांच्या घरात आहे, कारण ते सगळं पाण्याकडे ओढलं गेलं. पंपावर भेसळीचा संशय असेल तर तिथे फिल्टर पेपरची चाचणी करून मागा. ती दाखवणं पंपाला भाग आहे.

टाकी धुणं म्हणजे नुसतं पेट्रोल खळबळून ओतणं नव्हे. टाकी रिकामी करा, तळाची नळी काढून तिची जाळी कठीण ब्रशने नाही, मऊ ब्रशने धुवा. टाकीत थोडं स्वच्छ पेट्रोल घालून सगळ्या कोपऱ्यांतून फिरवा, बरणीत ओता, बघा. कचरा येणं थांबेपर्यंत तेच. मग टाकी तोंड खाली करून सावलीत, वाऱ्यात पूर्ण कोरडी होऊ द्या. लोखंडी टाकी आतून गंजली असेल तर तिला धुण्यात वेळ घालवू नका, प्लॅस्टिकची टाकी घ्या.

पाइपाबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण इथे चांगले चांगले फिटर फसतात. पाइप बाहेरून नवा दिसतो, गळत नाही, बल्ब दाबला की पेट्रोल जोरात येतं. पण आतलं अस्तर एका जागी सुटलेलं असतं. बल्बने पेट्रोल ढकललं की अस्तर भिंतीला चिकटतं आणि वाट मोकळी होते. इंजिनाने ओढलं की तेच अस्तर मध्ये येऊन वाट अडवतं. म्हणजे हाताने तपासलं की सगळं ठीक, चालवलं की बंद. फिल्टरच्या कागदावर काळे मऊ कण दिसले असतील तर यावरच संशय घ्या. पाइपाचं टोक ब्लेडने इंचभर कापून आत बघा. आतली भिंत वेगळी होऊन लोंबत असेल, तर पाइप बल्बसकट बदला. तुकडा कापून जोड देऊ नका.

मे महिन्यात मात्र फिल्टर स्वच्छ असूनही हेच होतं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी काळा पाइप, तापलेला टॉप आणि उन्हात ठेवलेली टाकी यांमुळे पेट्रोल पाइपातच उकळतं आणि वाफेचा बुडबुडा पंपाची वाट अडवतो. इंजिन बंद पडतं, अर्ध्या तासाने थंड झालं की चालू होतं. फिल्टरसारखंच वाटतं. ओळखायची खूण: हे दुपारी होतं, सकाळी सहाला होत नाही. ओलं कापड पंपावर आणि पाइपावर गुंडाळून बघा. लगेच सुधारलं तर दोष उन्हाचा. टाकीवर ओलं पोतं ठेवा, पाइप तापलेल्या पत्र्यावरून नेऊ नका.

फुगलेली टाकी जोडताना आधी झाकणाची हवा हळूहळू सोडा, मग पाइप लावा. तशीच जोडली तर आतला दाब पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये ढकलतो, प्लग ओले होतात आणि इंजिन चालूच होत नाही.

सगळं स्वच्छ, तरी बंद

टाकी, डबा, पाइप, फिल्टर सगळं नीट केलं आणि तरी तेच असेल, तर आधी आत पोचलेला कचरा कार्ब्युरेटरमध्ये बसला असेल. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल त्याच बरणीत घ्या. त्यात पाणी किंवा चूर दिसला तर वाटी काढून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) साफ करावे लागतील. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र अर्ध्या केसाने मोठं झालं तरी इंजिनाचं मिश्रण बिघडतं. हवेने फुंका. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं इंजिन असेल तर पुढचं काम काठावर करू नका. तिथे आत जास्त दाबाचा फिल्टर असतो आणि दाब न सोडता खोललं तर पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

पूर बचावासाठी ठेवलेल्या बोटींचं इंजिन वर्षातले आठ-नऊ महिने गोदामात असतं आणि जुलैत अचानक लागतं. त्यात पेट्रोल ठेवून देऊ नका. शेवटच्या वापरानंतर पाइप सोडून इंजिन पंखा पाण्यात ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं काढा. मृगाच्या आधी नवा फिल्टर, ताजं पेट्रोल आणि पाण्यात पूर्ण रेसला निदान वीस मिनिटं चालवून बघणं. आयडलला चालवून 'चालू आहे' असा शेरा मारणं उपयोगाचं नाही, कारण हा दोष आयडलला दिसतच नाही.

माहितीपुस्तिकांत बहुधा १०० तास किंवा वर्ष अशी फिल्टर बदलण्याची मुदत असते. धुळीच्या रस्त्याने पेट्रोल आणत असाल तर तेवढी वाट बघू नका, कप दर आठवड्याला नुसता बघा. नावेत एका कोरड्या डब्यात एक फिल्टर, दोन ओरिंगा, चार क्लिपा, एक प्लग आणि प्लगपाना ठेवा. वल्ही तर हवीतच.

आणि एवढं करूनही महिन्याभरात नवा फिल्टर भरला, तर मेकॅनिककडे नुसतं इंजिन नेऊ नका. टाकी, पाइप, पेट्रोलचा डबा आणि जुने फिल्टर, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी लावून, सोबत न्या.